धुराचा साक्षीदार



पत्रिकेतील आमचा विषय वाचून काही मंडळींच्या कपाळी आठ्या पडल्या असल्यास नवल नाही. ज्या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर आणि अर्थकारणावर व्याख्याने ऐकता, तेथे जुन्या स्पोर्ट्स मोटारीतला ऑक्सिजन सेन्सर कसा बदलावा, हा मिस्त्रीलोकांचा प्रश्न कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. आमचे म्हणणे एवढेच की, अंगठ्याएवढ्या या वस्तूत यंत्रशास्त्राइतकाच नागरिकशास्त्राचाही भाग आहे. त्या भागाकडे आम्ही शेवटी वळणार आहोत. आरंभ मात्र पेट्रोल आणि हवा यांपासून करू.

घरातल्या गॅसच्या शेगडीकडे पाहा. ज्योत निळी असली म्हणजे स्वयंपाक करणारे माणूस निश्चिंत असते. ती पिवळी होऊन भांड्याच्या बुडाला काजळी धरू लागली, की हवा कमी पडते आहे हे ते ओळखते. मोटारीच्या इंजिनातही हाच हिशेब आहे. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि न जळलेले पेट्रोल बाहेर पडते. हवा थोडी अधिक झाली, तर नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. पण इंजिनातली ज्योत पाहायला तेथे कोणाचे डोळे पोहोचणार?

हा प्रश्न निकडीचा झाला तो अमेरिकेत. लॉस एंजेलिस शहरावर दिवसाढवळ्या एक तपकिरी धुके पसरे आणि लोकांचे डोळे चुरचुरत. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखवून दिले की, न जळलेली इंधनाची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो व त्यातून हे धुके जन्मते. या वायूंच्या मोठ्या उगमांपैकी एक म्हणजे माणसाची लाडकी मोटार. पुढे १९७० साली अमेरिकेने हवेच्या शुद्धतेचा कायदा कडक केला. मोटारीच्या धुराच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाची पेटी आली. तिच्यात प्लॅटिनम आणि ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. तिन्ही प्रकारचे दूषित वायू एकाच वेळी निरुपद्रवी करण्याचे काम ती करू शकते. पण अट एकच, हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण अगदी नेमके हवे. थोडे इकडे किंवा तिकडे झाले, की तिचे अर्धे काम थांबते.

म्हणजे धुराजवळ कोणीतरी उभे राहून क्षणोक्षणी साक्ष द्यायला हवी. तो साक्षीदार म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. जर्मनीच्या बॉश कंपनीने तो तयार केला आणि स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने १९७६ साली अमेरिकेत विकायच्या मोटारींत तो प्रथम बसवला.

त्याची रचना मोठी मौजेची आहे. शिंप्याच्या अंगठीसारखी, एका बाजूने बंद अशी झिर्कोनियाच्या चिनीमातीची टोपी. तिला आतून-बाहेरून प्लॅटिनमचा सच्छिद्र मुलामा. टोपीच्या बाहेरून इंजिनाचा धूर जातो, आत आपली साधी हवा असते. टोपी सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या वर तापली, की तिच्यातून प्राणवायूचे विद्युत्भारित कण सरकू लागतात. धुरात प्राणवायू कमी असेल तर आत-बाहेरची तफावत मोठी, म्हणून सुमारे ०.९ व्होल्टपर्यंत दाब उमटतो. धुरात प्राणवायू शिल्लक असेल तर तो दाब ०.१ व्होल्टच्या आसपास उतरतो. यामागचे गणित वाल्थेर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ सालीच मांडून ठेवले होते. मोटारीतले नियंत्रक यंत्र हा दाब वाचते आणि पेट्रोल थोडे कमी, थोडे जास्त असे करीत राहते. तराजूची दांडी जशी मध्याभोवती हलत राहते, तसा हा दाब अखंड वरखाली होत असतो. तो हलत राहणे हेच त्याच्या प्रकृतीचे लक्षण होय.

आता आपल्या जुन्या स्पोर्ट्स मोटारीकडे येऊ. उदाहरणासाठी आम्ही पोर्शे कंपनीची ९११ एससी ही गाडी घेतो. मागच्या बाजूला बसवलेले सहा सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे, तीन लिटरचे इंजिन. अमेरिकेत विकल्या गेलेल्या या गाड्यांत १९८० सालच्या मॉडेलपासून हा सेन्सर आला. दर ३०,००० मैलांनी, म्हणजे सुमारे ४८,००० किलोमीटरांनी, चालकासमोर एक दिवा लागतो आणि सेन्सर बदला असे सुचवतो.

श्रोतेहो, येथे एक भेद ध्यानात घ्या. तो दिवा सेन्सरची नाडी पाहत नाही. तो फक्त मैल मोजतो. दिवा म्हणजे पंचांग. तिथी सांगेल, रोग्याचा ताप सांगणार नाही. सेन्सर आतून मेलेला असला तरी दिवा बंद असू शकतो आणि सेन्सर धडधाकट असताना तो लागू शकतो.

तेव्हा बदलण्यापूर्वी तपासावे, हा पहिला नियम. इंजिन चांगले तापू द्यावे आणि सेन्सरच्या तारेवरचा दाब डिजिटल व्होल्टमीटरने पाहावा. काटा फिरणारा जुना मीटर येथे उपयोगाचा नाही. इतका नाजूक दाब तो स्वतःच ओढून घेतो. आकडा वरखाली होत असेल तर साक्षीदार जागा आहे. मग या गाडीच्या इंजिनात तेल भरण्याच्या तोंडाचे झाकण किंचित सैल करावे. न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि दाब चटकन खाली आला पाहिजे. तो रेंगाळत उतरला, किंवा एकाच जागी बसून राहिला, तर सेन्सर म्हातारा झाला असे समजावे.

परंतु साक्षीदार आणि गुन्हेगार यांची गल्लत करू नये. सेन्सर ‘हवा जास्त’ असे सांगत असेल तर कदाचित ते खरेच असेल. एखादी रबरी नळी फाटून इंजिन वाटेतच हवा ओढत असेल. एखादा प्लग ठिणगी देत नसेल, तर त्या सिलिंडरातले पेट्रोल न जळता बाहेर जाते. पण त्याबरोबर न वापरलेला प्राणवायूही जातो. सेन्सर पेट्रोल हुंगत नाही, फक्त प्राणवायू मोजतो. म्हणून तो ‘हवा जास्त’ म्हणतो आणि नियंत्रक आणखी पेट्रोल ओततो. साक्षीदार खोटे बोलत नाही. विचारले तेवढेच सांगतो. अशा वेळी नवा सेन्सर बसवला तर तो नव्या आवाजात तीच साक्ष देईल आणि मालकाचे पैसे मात्र जातील.

सेन्सरच गेला अशी खात्री पटल्यावर काम हाती घ्यावे. गाडी जॅकवर उचलून भक्कम घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. बॅटरीची तार सोडवावी. धूर कन्व्हर्टरमध्ये शिरतो तेथेच सेन्सर आट्यांनी घट्ट बसलेला असतो. वर्षानुवर्षांची उष्णता आणि गंज यांनी आटे एकजीव होतात. म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे. इंजिन कोमट असताना आटे सुटायला सोपे जाते, हात भाजणार नाही इतपतच मात्र कोमट. २२ मिलिमीटरचा पाना लागतो. तार जाण्यासाठी खाच ठेवलेला खास पाना मिळाला तर उत्तम. हिसका देण्यापेक्षा सावकाश वाढता जोर बरा. आटे गेले, तर शंभर रुपयांच्या कामाचे हजारांत रूपांतर होते, हे कोणत्याही गॅरेजमधला पोरगा सांगेल.

नवा सेन्सर हाताळताना तीन गोष्टी पाळाव्यात. तो खाली पडू देऊ नये. आतली चिनीमाती तडकते. आटे पुढच्या वेळी सुटावेत म्हणून लावायचे वंगण फक्त आट्यांनाच लावावे, टोकाला त्याचा स्पर्शही नको. आणि आतल्या टोपीला लागणारी स्वच्छ हवा मागच्या बाजूने येते, तेव्हा तेथे तेल किंवा ग्रीस चोपडून तिचा श्वास कोंडू नये. पहिले आटे बोटांनी फिरवावेत, मग पाना लावावा. तार गरम नळीपासून दूर बांधावी. गाडी पुन्हा तपासून दाब हलतो आहे याची खात्री करावी आणि त्यानंतरच दिव्याची मोजणी शून्यावर आणावी.

हे ‘त्यानंतरच’ फार महत्त्वाचे आहे. कारण दिवा शून्यावर आणायला सेन्सर बदलावाच लागतो असे नाही. नुसती मोजणी मागे फिरवली तरी दिवा विझतो. सेन्सरची तार सोडून ठेवली तरी ही गाडी चालते. नियंत्रक एका ठरावीक मध्यम प्रमाणावर काम रेटतो. वेग तोच, आवाजही तोच. चालकाला काहीच कळत नाही. कळते ते मागून चालणाऱ्याला, सिग्नलजवळ उभ्या असलेल्या शाळकरी मुलाला. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या बहुतेक पेट्रोल मोटारींना आजही ठरावीक काळाने धुराची तपासणी करून घ्यावी लागते ती यासाठीच. चोराने दाराची कडी उघडी पाहिली, म्हणून घर त्याचे होत नाही. तसेच गाडी चालते, म्हणून धूर सोडण्याचा हक्क मिळत नाही.

आपल्याकडेही हा विषय आता परक्याचा उरलेला नाही. शिशाने प्लॅटिनम निकामी होते. म्हणून सेन्सर आणि कन्व्हर्टर जगायचे तर पेट्रोल शिसेविरहित हवे. भारतभर शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मानके आली आणि पेट्रोलचे नियमन करणाऱ्या मोटारसायकलींतही हा सेन्सर दिसू लागला. म्हणजे जो प्रश्न कालपर्यंत परदेशातल्या महागड्या मोटारीच्या मालकाचा होता, तो आज या मंडपाबाहेर उभ्या असलेल्या दुचाकींच्या मालकांचा आहे. समोरचा पिवळा दिवा लागला म्हणजे कोणी सांगतो, ‘काही नाही हो, चालतंय, काढून टाकू.’ त्या वेळी आपण काय उत्तर देतो, हीच खरी परीक्षा.

मनुष्याची रीत अशी की, अप्रिय बातमी आणणाऱ्याचे तोंड बंद केले म्हणजे बातमी खोटी ठरली असे त्याला वाटते. सेन्सरची तार तोडणे हा त्याचाच एक लहानसा प्रकार. उलट जुना साक्षीदार थकला असेल तर त्याची जागा नव्याला द्यावी, त्याची साक्ष नीट ऐकावी, आणि तो बोलला ते गैरसोयीचे असले तरी पेट्रोल तेवढेच सोडावे. आपल्या इंजिनात काय जळते हे आपले खाजगी असेल; पण त्यातून निघते ते सर्वांच्या छातीत जाते. म्हणून ती साक्ष आपल्या एकट्याच्या मालकीची नाही.