रुग्णवाहिकेची प्रतीक्षा आणि तंबाखूची तलफ

रोहा हें कुंडलिका नदीच्या कांठचें गांव. मुंबईकर श्रोत्यांस तें बहुधा आगगाडीच्या खिडकींतूनच परिचित असावें. मध्य रेल्वेचा मार्ग येथें संपतो आणि कोकण रेल्वेचा सुरू होतो. जवळच धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत, पलीकडे कोलाडवरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग आणि सभोंवार पावसाळ्यांत निसरडे होणारे डोंगरी रस्ते व त्यांच्या टोकांशीं वसलेल्या वाड्या. अशा ठिकाणीं महामार्गावरील अपघात, सर्पदंश, अडलेली बाळंतीण, छातींत कळ आलेला वृद्ध यांसाठीं वेळीं-अवेळीं हांक येते, आणि कोणीतरी निजेंतून उठून धांवत जातें. ४ मे २०१४ रोजीं दिवा-सावंतवाडी गाडी नागोठणें व रोहा या दोन स्थानकांच्या दरम्यान निडी गांवाजवळ रुळांवरून घसरली. सुमारें वीस माणसें दगावलीं व शंभराहून अधिक जखमी झालीं. महाराष्ट्राची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा त्या वेळीं अवघ्या तीन-चार महिन्यांची होती.

ही सेवा २०१४ च्या जानेवारींत ९३७ गाड्यांनिशीं सुरू झाली. त्यांतील २३३ गाड्यांत कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रापर्यंत सर्व सामग्री होती. उरलेल्या ७०४ गाड्यांत प्राथमिक उपचारांची सोय होती. गाडीबरोबर एक डॉक्टर आणि एक चालक असतो. चालकास त्या सेवेंत ‘पायलट’ म्हणतात, आणि कोकणांतील घाटांतून भर पावसांत रात्रीं गाडी हांकणाऱ्या माणसास हें विमानवाल्याचें नांव शोभत नाहीं असें कोणीं म्हणूं नये.

आजचा विषय या माणसांच्या शौर्याचा नाहीं. त्यांच्या खिशांतील पुडीचा आहे. दुसऱ्याचा श्वास चालू राहावा म्हणून जो जिवाचा आटापिटा करतो, तोच गाडीमागें उभा राहून स्वतःच्या छातींत धूर भरतांना दिसतो, आणि पाहणारास मोठें नवल वाटतें. ‘यांना कळत नाहीं काय?’ असा प्रश्न शिकल्यासवरल्या घरांत हटकून विचारला जातो. कळतें. सामान्य माणसाहून अधिक कळतें. तेव्हां कळूनहि हात खिशाकडे कां जातो, हें पाहणें अधिक उपयोगाचें आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. धूम्रपान म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें सिगारेट येते. परंतु महाराष्ट्राचें दुखणें निराळें आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणींत राज्यांतील प्रौढांपैकीं शेंकडा २६.६ लोक कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू सेवन करणारे आढळले. त्यांत विडी-सिगारेट ओढणारे शेंकडा ३.८ च होते. खाणारे, चघळणारे, मिश्री लावणारे मात्र शेंकडा २४.४. म्हणजे गाडीमागें धूर काढणारा एक दिसला, तर हातावर चुना मळणारे सहा असावयाचे. गुटख्यावर राज्यांत २०१२ सालीं बंदी आली, तरी तंबाखू व चुना यांची जोडी फुटली नाहीं. धूर लोकांस दिसतो व त्याची वास येऊन तक्रार होते. गालांतील चिमूट कोणास दिसत नाहीं, म्हणून ती अधिक निश्चिंतपणें नांदते. पुढें जें सांगावयाचें आहे, तें दोहोंनाहि लागू आहे.

या व्यवसायांतील माणूस आपल्या संवयीचें कारण विचारल्यास बहुधा असें सांगतो कीं, ‘काम मोठें ताणाचें आहे, एक झुरका घेतला कीं डोकें शांत होतें.’ हें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. रोह्याहून एखादा अत्यवस्थ रुग्ण घेऊन गाडी पनवेलकडे किंवा मुंबईकडे निघाली, रस्त्यांत वाहनांची कोंडी झाली, दोन-तीन तास गेले, तरी रुग्णाजवळ बसलेला डॉक्टर विडी पेटवीत नाहीं. पेटवूंच शकत नाहीं. शेजारीं प्राणवायूची नळकांडी असतात, आणि प्राणवायूच्या सान्निध्यांत ठिणगीचा भडका व्हावयास वेळ लागत नाहीं. त्या दोन-तीन तासांत ताण कमाल असतो, आणि तंबाखूची आठवणहि मनांत डोकावत नाहीं. तोच मनुष्य रुग्णाला इस्पितळाच्या स्वाधीन करून बाहेर पडला कीं, चहाच्या टपरीपर्यंत पोंचण्याचाहि त्याला धीर निघत नाहीं. दुसऱ्या दिवशीं कांहीं काम नसतांना रुग्णालयाच्या आवारांत नुसता बसला असेल, तर अर्ध्या अर्ध्या तासानें उठतो.

याचा अर्थ उघड आहे. तलफ संकटाबरोबर येत नाहीं. संकट सरल्यावर येते, किंवा संकटाची वाट पाहतांना येते. या नोकरींत धांवपळ थोडी व प्रतीक्षा फार. ही प्रतीक्षा साधी नसते. केव्हां घंटी वाजेल याचा नेम नाहीं, झोंप घ्यावी तर घेववत नाहीं, वाचावें तर मन लागत नाहीं. त्या रिकाम्या, ताणलेल्या वेळेला कांहींतरी आकार हवा असतो, आणि तो तंबाखू देते. शिवाय तिच्या निमित्तानें चार पावलें बाहेर जातां येतें. ‘जरा विडी ओढून येतों’ म्हणणारास पांच मिनिटांची सुटी मिळते. ‘जरा उगीच उभा राहून येतों’ म्हणणारास मिळत नाहीं. ज्या खात्यांत दमलेल्या माणसास विश्रांतीसाठीं विडीचाच दाखला काढावा लागतो, त्या खात्यानें भिंतीवर निषेधाचे फलक लावून काय साधणार?

आतां ‘डोकें शांत होतें’ याची उकल करावयाची. तंबाखूंतील निकोटीन हें द्रव्य धुराबरोबर फुप्फुसांत जाऊन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोंचतें. रक्तांतील त्याचें प्रमाण सुमारें दोन तासांत निम्म्यावर येतें. तें उतरूं लागलें कीं संवयीच्या माणसास चुळबूळ वाटते, चिडचिड होते, चित्त एकाग्र होत नाहीं. पुढचा झुरका घेतला म्हणजे ही चुळबूळ थांबते, आणि मनुष्य समजतो कीं कामाचा शीण गेला. वास्तविक गेला तो मागच्या विडीनें निर्माण केलेला शीण. सावकारानें आपलेंच व्याज फेडण्यासाठीं आणखी कर्ज द्यावें आणि कुळानें त्याला दाता म्हणावें, तसा हा व्यवहार आहे. कामाचा जो खरा ताण, मोडलेलें हाड पाहिल्याचा, हातांत मूल गेल्याचा, तो जेथल्या तेथेंच राहतो.

रात्रीं गाडी चालविणाऱ्याची बाजू थोडी वेगळी आहे, आणि ती न्यायानें मांडली पाहिजे. निकोटीन उत्तेजक आहे. डुलकी थोपविण्यास त्याची थोडा वेळ मदत होते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु तेंच द्रव्य पहांटे घरीं गेल्यावर झोंप उथळ करतें. अपुऱ्या झोंपेचा माणूस पुन्हां रात्रीं चाकावर बसतो, आणि त्याला कालच्याहून अधिक मात्रा लागते.

ओढणाराच्या बाबतींत आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडते. धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट चिकटतो, आणि तितकी जागा प्राणवायूस बंद होते. म्हणजे रुग्णाच्या नाकाशीं प्राणवायूची नळी धरणाराच्या स्वतःच्या रक्तांत प्राणवायूची वाट अडलेली असते. रुग्णाच्या बोटास लावावयाचें जें छोटें यंत्र या गाड्यांत असतें, तें त्यानें गमतीनें आपल्या बोटास लावलें तरी आंकडा चांगलाच दिसेल. कारण त्या साध्या यंत्रास हे दोन वायु वेगळे ओळखतां येत नाहींत. डोंगरांतल्या वाडीवरून रुग्णास झोळींत घालून खालीं आणतांना मात्र दम त्याला खरा हिशेब सांगतो. चांगली गोष्ट ही कीं, ओढणें थांबविल्यावर हा वायु एक-दोन दिवसांत रक्तांतून जवळजवळ निघून जातो.

वैद्यकी करणारांनींच तंबाखू सोडून दाखविल्याचें सर्वांत मोठें उदाहरण इंग्लंडांतलें आहे. रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल या दोघांनीं १९५१ सालीं तेथील डॉक्टरांस एक छोटी प्रश्नावली पाठविली. कोण किती ओढतो, एवढेंच विचारावयाचें आणि पुढें कोण केव्हां व कशानें मरतो, याची नोंद ठेवावयाची. चाळीस हजारांहून अधिक डॉक्टरांनीं उत्तरें दिलीं. डॉल यांनीं स्वतः आधींच्या संशोधनाचे आंकडे दिसूं लागतांच सिगारेट टाकली होती. १९५४ पासून निष्कर्ष प्रसिद्ध होऊं लागले, आणि ज्यांचीं नांवें त्या वहींत होतीं त्या डॉक्टरांनीं भराभर सिगारेटी सोडल्या. पन्नास वर्षांनीं, २००४ मध्यें, शेवटचा हिशेब निघाला: जन्मभर ओढणारा न ओढणाराहून सरासरीनें दहा वर्षें आधीं जातो. तिसाव्या वर्षीं सोडणारास तीं दहाहि वर्षें जवळजवळ परत मिळतात. चाळिसाव्या वर्षीं नऊ, पन्नासाव्या वर्षीं सहा, आणि साठाव्या वर्षीं सोडली तरी तीन. ‘आतां या वयांत सोडून काय मिळणार?’ असें विचारणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींनीं शेवटचा आंकडा ध्यानांत घ्यावा. या डॉक्टरांस धोका सांगावयास कोणी उपदेशक आला नव्हता. आपल्याच सोबत्यांच्या मृत्यूची यादी त्यांच्यापुढें आली होती.

सोडावयाची कशी, याविषयीं पुस्तकांतून जें सांगतात तें बहुधा दहा ते पांच नोकरी करणारासाठीं लिहिलेलें असतें. पाळीच्या माणसास त्यांत थोडा फेरफार करावा लागतो. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड. चिडचिड, भूक, झोंपमोड हीं तेव्हां शिगेस पोंचतात आणि तीन-चार आठवड्यांत ओसरतात. म्हणून आरंभ रात्रपाळीच्या आठवड्यांत न करतां दिवसपाळींत, शक्य तर सुटीला जोडून करावा. एकेक तलफ कांहीं मिनिटेंच टिकते. तेवढ्यांत गाडींतली सामग्री तपासावी, नळकांड्यांचा दाब पाहावा, पाणी प्यावें. हें काम नाहींतरी करावयाचेंच असतें. आणि डॉक्टर व पायलट या दोघांनीं एकाच दिवशीं सोडली तर निम्मी लढाई सोपी होते. कारण एका बांकावर बसलेल्या दोघांपैकीं एकानें पुडी उघडली कीं दुसऱ्याचा निश्चय त्या वासानेंच ढिला पडतो.

निकोटीनची गोळी औषधाच्या दुकानांत मिळते. ती पानासारखी चावून थुंकावयाची नाहीं. थोडी चावून गाल व हिरडी यांच्यामध्यें ठेवून द्यावयाची, पुन्हां थोडी चावावयाची. जेथें पूर्वीं तंबाखूची चिमूट बसे, नेमकी तीच जागा. चहा-कॉफी पितांना किंवा प्याल्यावर लगेच ती घेतली तर नीट लागू होत नाहीं. पंधरा मिनिटें जाऊं द्यावीं. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण चहा आणि विडी यांची गांठ ज्यांच्या जन्माशीं बांधली गेली आहे, त्यांचा पहिला पराभव टपरीवरच होतो. अधिक जड संवयीसाठीं पोटांत घेण्याचीं औषधेंहि आहेत. तीं मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावीं. स्वतः डॉक्टर असलेल्यानेंहि दुसऱ्या डॉक्टरास विचारावें; आपल्या नाडीचें निदान आपणच करूं नये.

एखादी वाईट रात्र येते. लहान मूल वाटेंत जातें, आई गाडींतच हंबरडा फोडते. त्या रात्रीं महिना-दोन महिने सोडलेली तंबाखू पुन्हां हातांत येते. असें झालें तर सगळें व्यर्थ गेलें असें समजण्याचें कारण नाहीं. बहुतेक लोक एकाच प्रयत्नांत सुटत नाहींत. पण अशा रात्रीनंतर त्या दोघांस बसून बोलावयास कोणी वडील सहकारी मिळाला, आणि लगेच पुढच्या हांकेस न पाठवितां अर्धा तास मोकळा मिळाला, तर पुडीची जागा भरून निघते. हें काम वरिष्ठांचें आहे.

घरोघरच्या श्रोत्यांचाहि यांत थोडा वांटा आहे. रुग्णास सुखरूप पोंचविलें कीं नातेवाईक कृतज्ञतेनें गाडीवाल्यापुढें तंबाखूची डबी किंवा सिगारेटचें पाकीट धरतात. हेतु चांगला, वस्तु चुकीची. पाणी द्यावें, जेवणवेळ असेल तर पोळी-भाजी द्यावी. आणि अशा माणसाच्या घरच्यांनीं पहिल्या पंधरवड्यांत त्याच्या त्रासिकपणाकडे थोडें दुर्लक्ष करावें. ‘सोडल्यापासून तुम्ही फारच चिडतां’ हें वाक्य बायकोनें एकदां उच्चारलें कीं तो ‘मग पुन्हां धरतों’ म्हणावयास मोकळा होतो.

ज्यांस एकट्यानें जमत नाहीं, त्यांच्यासाठीं केंद्र सरकारनें २०१६ सालीं एक विनामूल्य दूरध्वनि सुरू केला. त्याचा क्रमांक १८००-११-२३५६. तो कोठें लिहून ठेवण्याचीहि गरज नाहीं. २०१८ च्या सप्टेंबरपासून तंबाखूच्या पुड्यांवर व सिगारेटच्या पाकिटांवर तो छापावा लागतो. ज्याच्या गाडीवर १०८ हा आंकडा मोठ्या अक्षरांत रंगविलेला आहे, त्याच्या खिशांतहि असा एक आंकडा असतोच. तिकडे समुपदेशक तारीख ठरवून देतात व पुढें आपण होऊन विचारपूस करतात. हा दूरध्वनि पाळी संपल्यावर, झोंप झालेली असतांना करावा.