भुताच्या जाहिरातीत घर कुणाचं?

आज मी हप्ते, व्याज, बँकेची लिंकेज यातलं काही बोलणार नाही. आज भुतावर बोलणार आहे. कुणी घाबरून रेडिओ बंद करू नका. चुलीवर भात असेल तर आधी तो उतरवून घ्या आणि मग निवांत ऐका.

आमच्या गटाच्या खजिनदार बाईंची मुलगी शहरात मास मीडिया शिकते. मे महिन्यात घरी आली ती कॉलेजचं काम घेऊन. एका भयपटाचा दीड मिनिटाचा ट्रेलर करायचा, त्याचं पोस्टर करायचं आणि त्या पिक्चरबद्दल एखाद्या सिनेमाच्या मासिकाचं मुखपृष्ठ करायचं. मग आपण काय केलं, का केलं, काय फसलं, हे आठ पानांत लिहून द्यायचं. आईला तिनं हे सगळं समजावलं. आईनं विचारलं, "पिक्चर खय आसा गो?" ती म्हणाली, पिक्चर नाहीच, नुसती जाहिरात करायची. "पिक्चर नाय, मगे जाहिरात कसली?" यावर मात्र कॉलेजच्या पुस्तकात उत्तर नव्हतं.

पण मैत्रिणींनो, प्रश्न वाटतो तितका वेडा नाही. आपण मसाल्याचं लेबल करतो तेव्हा मसाला डब्यात असतो. गिऱ्हाईकानं नाक लावलं की खरं-खोटं कळतं. ट्रेलरमध्ये फक्त भूक लावायची असते आणि डबा उघडायचा नसतो. भुताच्या ट्रेलरमध्ये तर भूत दाखवायचंच नसतं, असं ती म्हणाली. मला आधी ते पटलं नाही. पण तिनं दोन प्रती दाखवल्या. पहिलीत शेवटी भूत स्पष्ट दिसत होतं, म्हणजे तिची आईच, केस मोकळे सोडून, तोंडाला तांदळाचं पीठ लावून. ती बघून आम्ही सगळ्या हसत सुटलो. दुसऱ्या प्रतीत फक्त विहिरीचा रहाट आपोआप फिरताना दिसतो आणि कठड्यावर ओला हात येतो, बस्स. तेव्हा कुणी हसलं नाही.

हे तिनं कसं केलं ते सांगते, कारण त्यात शिकण्यासारखं आहे. रात्रीचं चित्रण रात्री केलंच नाही. मोबाइलला अंधारात दाणेदार, घाण चित्र येतं. म्हणून तिन्हीसांजेला, सूर्य बुडाल्यावरची जी वीसेक मिनिटं असतात, तेवढ्यात रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि नंतर मोबाइलवरच उजेड उतरवून त्याला निळसर रंग दिला. आवाज विकत किंवा चोरून घेतले नाहीत. कोरड्या झावळ्या अंगणातून ओढत नेल्या, तो कुणीतरी पाय घासत चालल्याचा आवाज झाला. रहाटाची करकर रेकॉर्ड करून ती अगदी संथ केली, तर बाई कण्हावी तसं ऐकू येतं. आपण रोज पाणी काढताना तो आवाज ऐकतो आणि तेल घालायला हवं म्हणतो, एवढंच. तिचं म्हणणं, भीती पंच्याहत्तर टक्के कानातून आत येते. टक्केवारी तिची स्वतःची आहे, पण ट्रेलर आवाज बंद करून बघा, ढिम्म काही वाटत नाही.

आपल्या जिल्ह्याला भुताची जाहिरात काही नवी नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली, ती आपल्या आकेरीच्या वाड्यात. अण्णा नाईकांच्या मृत्यूनं सुरुवात, घरात मालवणी बोलणारी माणसं, आणि रात्री काय होईल याचा घोर. सुरुवातीला इथे विरोधही झाला. कोकणची माणसं म्हणजे करणी, भानामती आणि भावकीतले तंटे, एवढंच जगाला दिसणार, असं लोक म्हणाले. मग २०१९ मध्ये दुसरा भाग आला, कथा मागच्या काळात गेली, शेवंता आली, आणि विरोध कुठल्याकुठे गेला. पर्यटक गाडी वळवून तो वाडा बघायला जाऊ लागले. २०२१ मध्ये तिसरा भागही आला. आपली मालवणी घराघरांत पोचली याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण विरोध करणाऱ्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही मला वाटत नाही. मुंबईची पाहुणी मंडळी आजही आल्याआल्या विचारतात, "इथे रात्री बाहेर पडलं तर चालतं ना?" आधी विंचूकाट्याची, सापाची चौकशी करावी, ते सोडून!

पुढे रत्नागिरीतल्या खेडकडच्या गावाचं नाव घेऊन 'तुंबाड' आला, २०१८ मध्ये. तेव्हा तो बेताचाच चालला. सहा वर्षांनी, २०२४ च्या सप्टेंबरात, पुन्हा थिएटरात लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई झाली. मधल्या काळात लोकांनीच एकमेकांना सांगितलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये 'मुंज्या' आला, त्यातही कोकणच. म्हणजे आपली घरं, आपला पाऊस, आपला पिंपळ यांना भयपटाच्या बाजारात भाव आहे. आमच्या या मुलीनंही तोच माल उचलला. तिच्या आठ पानांत तिनं तसं लिहिलंय: प्रेक्षकाला कोकण दिसलं की तो आपोआप भुताची वाट बघू लागतो, त्यामुळे माझं अर्धं काम आधीच झालेलं असतं.

आता मुद्द्याची गोष्ट. जून महिन्याच्या गटाच्या बैठकीत, बचत गोळा झाल्यावर, तिनं ट्रेलर आणि पोस्टर दाखवलं. पिक्चरचं नाव 'अळवंतीण'. पोस्टरवर आमच्याच वाडीतलं एक बंद घर, पुढे विहीर, खाली वाडीचं खरं नाव आणि त्याखाली लाल अक्षरांत 'सत्य घटनेवर आधारित'. पोस्टर दिसायला झकास होतं. पण आमच्या सचिव बाई एकदम गप्प झाल्या. त्या घरापासून चौथं घर त्यांचं. दोन खोल्यांची निवास-न्याहारी त्या चालवतात. गटाकडून कर्ज घेऊन बांधलेलं बाथरूम आहे, त्याचे हप्ते चालू आहेत. त्या म्हणाल्या, "ह्या मोबाइलवर गेला तर आमच्याकडे ऱ्हवाक कोण येतला?"

मुलगी म्हणाली, काकू, हे फक्त कॉलेजात द्यायचंय. पण तिनंच आदल्या दिवशी चार मैत्रिणींना ते पाठवलं होतं. चार मैत्रिणी म्हणजे चार गट. पोस्टर पुढे गेलं की 'कॉलेजचं काम' ही चिठ्ठी त्याच्यासोबत जात नाही. उरतं घर, वाडीचं नाव आणि 'सत्य घटना'. त्याच संध्याकाळी तिनं चौघींना फोन करून ते काढायला लावलं. पुढे कुणी पाठवलं नव्हतं, हे नशीब.

थिएटरात लागणाऱ्या पिक्चरला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, ट्रेलरलाही लागतं. २०२४ पासून तर वयाप्रमाणे यूए ७+, यूए १३+, यूए १६+ अशा पायऱ्या केल्यात. आपल्या मोबाइलवर आलेल्या तुकड्याला कसली पायरी? तो नातवाच्या हातात थेट पडतो. त्या बैठकीतच एकीच्या पाच वर्षांच्या मुलानं मागून डोकावून ट्रेलर पाहिला आणि त्या रात्री त्याला पडवीत न्यायला दोघीजणी लागल्या.

मग बंद घराचा विषय निघाला. आपल्याकडे बंद घरं इतकी का, हे पोस्टर बघणाऱ्या पुण्याच्या माणसाला कळणार नाही. त्याला वाटेल, काहीतरी घडलं असणार. घडलेलं असतं ते एवढंच की माणसं गिरणगावात गेली, तिथंच वाढली, आणि सातबाऱ्यावर आता तीस-चाळीस सहहिस्सेदारांची नावं आहेत. एकानं कौलं परतायची म्हटली तर दुसरा हरकत घेतो. गणपतीत दार उघडतं, अकरा दिवसांनी परत कुलूप. ओटीवरची लाकडं वाळवी खाते. यात भूत कुठं आहे? असलंच तर ते तलाठ्याच्या दप्तरात आहे, असं आमच्या अध्यक्षा म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या.

आमच्या गटातल्या सगळ्यात वडील आजी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पोस्टरवरच्या नावाकडे बोट दाखवलं. अळवंतीण म्हणजे काय, ते आपल्याला माहीत आहे. गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेलेली बाई. आजींची मोठी जाऊ तशी गेली होती. पावसाळ्याचे दिवस, खाडीला पाणी, वाट बंद. दोन दिवस अडली होती. डोलीत घालून होडीपर्यंत न्यायचं की नाही यावर पुरुषमाणसांचं बोलणंच चाललं होतं. मूल वाचलं, ती गेली. आणि महिन्याभरात वाडीत बोलू लागले की ती विहिरीवर दिसते. तो मुलगा मोठा होईपर्यंत त्या विहिरीवर कधी गेला नाही. इतर पोरं त्याला हाक मारून म्हणत, "तुझी आवस बोलावता." आजी म्हणाल्या, "तिका कोणी डॉक्टराकडे व्हरूक नाय, ता कोण सांगनत नाय. ती भूत झाली, ता मात्र सगळे सांगतत."

बैठकीत त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

मी त्या रात्री आपल्या भुतांची यादी मनात करून बघितली. हडळ बाई. जखीण बाई. लावसट बाई. अळवंतीण बाई. पुरुषांतला वेताळ बघा, तो आपल्याकडे देव झाला. आरवलीच्या वेतोबाला आपण केळीचे घड वाहतो, मोठाल्या चपला वाहतो, कारण तो रात्री गावची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. देवचार वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. मुंज्या बिचारा पोरगा, खोड्या काढतो. रात्री फिरणारा पुरुष राखणदार आणि रात्री दिसणारी बाई हडळ, ही वाटणी कुणी केली? आणि तिन्हीसांजेला केस सोडू नको, विहिरीवर एकटी जाऊ नको, पायात पैंजण घालून नदीकडे जाऊ नको, हे सगळं आपल्यालाच सांगितलं गेलं. काही गोष्टींत शहाणपण होतं, अंधारात विहिरीवर पाय घसरतोच. पण तो पोरग्यांचाही घसरतो.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण बैठकीत विचारणा झाली. २०१३ साली २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांत सरकारनं अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. भुताची गोष्ट लिहिणं, सिनेमा काढणं हा काही गुन्हा नाही. पण अमुक बाई करणी करते, मंत्रानं गुरांचं दूध आटवते असं सांगून तिचं जगणं मुश्कील करणं, किंवा भुताची भीती घालून आजारी माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवणं, हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. तक्रार पोलीस ठाण्यातच करायची.

तर, त्या मुलीनं काय बदललं? सगळं नाही बदललं. ती वाद घालायला तयार होती आणि मला ते आवडलं. ती म्हणाली, भयपटात बाई नसली तर बाईची गोष्ट कोण सांगणार? मी बाई काढणार नाही. ते खरंच होतं. पण वाडीचं नाव गेलं. 'सत्य घटनेवर आधारित' गेलं, त्या जागी 'ही गोष्ट काल्पनिक आहे' आलं, आणि तेही बारीक नाही, वाचता येईल असं. बंद घराचं चित्र काढलं, कारण परवानगी मागायची तर चाळीस जणांची मागावी लागली असती. आता पोस्टरवर आमच्या अध्यक्षांच्या गोठ्याचं दार आहे. त्याला तिनं तीन कुलपं लावली, तीन भावांची. इथला कुणीही ते पोस्टर बघून आधी हसतो आणि मग गप्प होतो.

ट्रेलरमध्ये विहीर, रहाट आणि ओला हात तसेच आहेत. त्याआधी मात्र चार सेकंदांचं एक नवं दृश्य आलं. पाऊस पडतोय, अंगणात रिकामी डोली ठेवलीय, आणि पडवीत पुरुषांचे आवाज, उचलायची की नको. चेहरे दिसत नाहीत. आजींनी ते तीनदा लावायला सांगितलं. मला विचाराल तर विहिरीवरच्या हातापेक्षा मला त्या डोलीचीच जास्त भीती वाटली. तिच्या मैत्रिणीला मात्र ते कळलंच नाही, तिला वाटलं पालखी आहे. तेव्हा मुलीनं डोलीवर एक गोधडी आणि बाळंतविड्याची टोपली ठेवून परत चित्रण केलं. आपल्याला जे न सांगता कळतं ते बाहेरच्याला दाखवावं लागतं, हे तिनं तिच्या आठ पानांत लिहिलंय. मला वाटतं आपल्या कोकम आगळाच्या बाटलीवरही हेच लिहायला हवं. त्यात पाणी घालून घ्यायचं असतं हे आपल्याला माहीत असतं, मुंबईच्या गिऱ्हाईकाला नसतं. मग तो थेट तोंडाला लावतो आणि खारट म्हणून फोन करतो.

ट्रेलरच्या शेवटी आभाराची नावं येतात. आईचं नाव, गटाचं नाव. आजींनी त्यात आपल्या जावेचं नाव घालायला सांगितलं. माहेरचं नाव, कारण सासरी ते कुणी घेतच नव्हतं. ते घातलंय. तिच्या मुलाला, जो आता साठीकडे आलाय, आजींनी स्वतः ते दाखवलं. त्यानं काय म्हटलं ते आजी सांगत नाहीत, आणि आम्हीही विचारलेलं नाही.

येत्या महिन्यात ग्रामसंघाच्या सभेत बचतीचा हिशेब झाला की हा ट्रेलर दाखवणार आहोत. लहान मुलांना आणू नका. आणलीत, तर रात्री त्यांना पडवीत नेण्याची जबाबदारी ज्याची त्यानं घ्यायची, आणि ज्याची म्हणजे त्यांच्या बापसांचीही, हे घरी जाऊन आधीच ठरवून ठेवा. नमस्कार.