पुरवठादार बदलेल, तारेचा भार कोण वाहील?

(ग्राहक प्रबोधन वर्गातील व्याख्यानाचा पाठ)



कोकणातील कित्येक गावांत वर्षाचे दहा-अकरा महिने कुलूप लागलेली घरे दिसतात. मंडळी मुंबईला किंवा पुण्याला असतात. घर उघडते ते गणपतीत आणि शिमग्याला. मधल्या काळात त्या घरात दिवा लागत नाही की पंखा फिरत नाही. तरीही वीजबिल येत राहते आणि ते शून्याचे नसते. चाकरमानी चिडून विचारतो, ‘वीज वापरलीच नाही, मग पैसे कशाचे?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. मोबाइलची कंपनी बदलावी तशी विजेची कंपनी बदलण्याची मुभा प्रत्येक घराला मिळावी, अशी चर्चा आज देशभर चालू आहे. ती मुभा सर्वसामान्य कुटुंबाच्या हिताची ठरेल की नाही, याचा निर्णय चाकरमान्याच्या या प्रश्नाच्या उत्तरातच दडलेला आहे.

बहुतेक घरांत बिलाची शेवटची रक्कम आणि भरण्याची तारीख एवढेच पाहिले जाते. वरच्या ओळी कोणी वाचत नाही. त्या ओळींत स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा निरनिराळ्या रकमा असतात. प्रत्यक्ष विजेची किंमत म्हणजे वीज आकार. ती वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचे भाडे म्हणजे वहन आकार. आणि जोडणी अस्तित्वात आहे, एवढ्याच कारणासाठी दरमहा द्यावी लागणारी रक्कम म्हणजे स्थिर आकार. वीज शुल्क हा राज्य शासनाचा कर असून घरगुती ग्राहकाला तो सोळा टक्के पडतो.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ३१ मार्च २०२३ रोजी दिलेल्या आदेशात महावितरणचे २०२४-२५ या वर्षाचे दर ठरवले होते. नंतरच्या आदेशांनी आकडे पुढेमागे झाले, तरी हिशेबाची रीत समजण्यास ते वर्ष उत्तम आहे. महानगरपालिका क्षेत्राबाहेरील सिंगल फेज घरगुती जोडणीला स्थिर आकार दरमहा १२८ रुपये होता. वीज आकार पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे आणि १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे होता. वहन आकार सर्वांना युनिटमागे १ रुपया १७ पैसे.

आता एका खोलीत राहणारी वृद्ध आजी डोळ्यांसमोर आणावी. दोन दिवे, एक पंखा, संध्याकाळी थोडा वेळ दूरदर्शन. महिन्याचा वापर ३० युनिट. तिचा वीज आकार १४१ रुपये ३० पैसे, वहन आकार ३५ रुपये १० पैसे आणि स्थिर आकार १२८ रुपये. एकूण ३०४ रुपये ४० पैसे, म्हणजे युनिटमागे १० रुपये १५ पैसे. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला हाच हिशेब युनिटमागे ७ रुपये १६ पैसे पडतो. शीतकपाट, धुलाईयंत्र, गीझर असलेल्या आणि ३०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला तो पडतो १० रुपये ३ पैसे. (शुल्क आणि इंधन आकार येथे धरलेला नाही.) वापराच्या टप्प्यांचे दर मुद्दाम असे ठेवलेले असतात की कमी वापरणाऱ्याला वीज स्वस्त पडावी. पण स्थिर आकार मिळवला की त्या आजीची वीज गीझरवाल्या घरापेक्षा महाग होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो प्रकार हाच. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी वेगळा, सवलतीचा वर्ग आहे. पण निवृत्तिवेतनावर जगणारी, त्या रेषेच्या जरा वर असलेली आणि काटकसर हा ज्यांचा संस्कार आहे, अशी असंख्य घरे त्या वर्गात बसत नाहीत. आणि कोकणातले ते कुलूपबंद घर? एक युनिटही न वापरता वर्षाला, वीज शुल्क धरून, सुमारे १,७८० रुपये.

तर मग स्थिर आकार रद्दच करावा, अशी घोषणा द्यावी का? घोषणा सोपी आहे, पण न्यायाची नाही. विजेचा खांब, रोहित्र, उपकेंद्र, पावसात खांबावर चढणारा वायरमन यांचा खर्च कोणी दिवा लावला की नाही, यावर अवलंबून नसतो. वीजनिर्मिती केंद्रांशी केलेले करारही दोन भागांचे असतात. एक भाग केंद्र सज्ज ठेवल्याबद्दल, दुसरा प्रत्यक्ष घेतलेल्या विजेबद्दल. वीज घेतली नाही तरी पहिला भाग चुकत नाही. महावितरण आपल्या दरवाढीच्या याचिकांत सातत्याने सांगते की एकूण खर्चातील निम्म्याहून अधिक भाग अशा न टळणाऱ्या खर्चाचा असून स्थिर आकारातून त्याचा अंशच वसूल होतो. हे खोटे नाही. मात्र न टळणारा खर्च सर्वांवर डोईपट्टीसारखा समान वाटावा की वापराच्या ऐपतीप्रमाणे, हा निव्वळ जमाखर्चाचा प्रश्न नसून समाजधारणेचा प्रश्न आहे. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ४५ ने स्थिर आकार घेण्याची परवानगी दिली. तो किती आणि कोणाकडून घ्यावा, हे आयोगाच्या विवेकावर सोपवले.

हा अधिनियम अटलजींच्या कारकिर्दीतला. त्याचे विधेयक मांडले गेले तेव्हा केंद्रीय ऊर्जामंत्री सुरेश प्रभू होते आणि ते संमत झाले तेव्हा अनंत गीते, दोघेही महाराष्ट्राचे. १० जून २००३ पासून तो लागू झाला. एकाच क्षेत्रात एकाहून अधिक कंपन्यांना वितरणाचा परवाना देण्याची तरतूद त्यात आहे. अट एवढीच की प्रत्येकीने स्वतःची वितरणव्यवस्था उभारावी. घरगुती ग्राहकाला पुरवठादार निवडता आल्याचे देशातील सर्वांत मोठे उदाहरण मात्र मुंबईच्या उपनगरांत घडले, आणि त्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

उपनगरांत १९२९ पासून बॉम्बे सबर्बन, म्हणजे बीएसईएस, वीज देत होती. तीच पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानींकडे गेली. टाटा पॉवरकडेही मुंबईचा परवाना होता, पण तिचा व्यवहार मुख्यतः घाऊक. टाटांना किरकोळ ग्राहकांना वीज विकता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये दिला. तरीही घराघरांत जाणाऱ्या तारा रिलायन्सच्या होत्या. ऑक्टोबर २००९ मध्ये आयोगाने तोडगा काढला. ग्राहकाने टाटांची वीज घ्यावी, ती रिलायन्सच्या तारांवरून यावी आणि तारांचे भाडे म्हणून वहन आकार रिलायन्सला मिळावा. या व्यवस्थेला ‘चेंजओव्हर’ म्हटले गेले. अंधेरी, बोरिवली, चेंबूरच्या सोसायट्यांत अर्ज भरण्याची लाट उसळली, कारण टाटांचे दर त्या वेळी पुष्कळ कमी होते.

पुढे जे झाले ते नीट पाहिले पाहिजे. प्रारंभी ओढा होता तो जास्त वीज वापरणाऱ्यांचा, म्हणजे मोठी घरे, दुकाने आणि कार्यालये यांचा. त्यांनी भरलेल्या चढ्या दरातूनच झोपडी आणि चाळीतल्या ग्राहकाचा दर खाली राखला जात होता. देणारे निघून गेले, घेणारे राहिले. जुन्या कंपनीचे रोहित्र तेवढेच, कर्मचारी तेवढेच, आणि तो भार वाहणारे खांदे दुर्बल. म्हणून २०११ मध्ये आयोगाने गेलेल्या ग्राहकांवरही परस्पर-अनुदान अधिभार लावला, जो मूळ कंपनीला द्यावयाचा होता. ऑगस्ट २०१२ मध्ये आयोगाने आणखी एक पाऊल टाकले. टाटांनी अकरा विभागांत स्वतःचे जाळे टाकावे आणि तोवर महिना ३०० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकांनाच चेंजओव्हर द्यावे, असा आदेश निघाला. मलई काढून घेण्याला घातलेला तो आळा होता. त्यावर अपील झाले आणि २०१४ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने त्यात फेरफार केले. वाद सरला नाही. एकाच रस्त्याखाली दोन कंपन्यांच्या समांतर तारा टाकून दोहोंचा खर्च शेवटी ग्राहकाच्याच माथी मारण्यात कोणते शहाणपण, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या शहराची गोष्ट निराळी. तेथील बेस्ट हा महापालिकेचा उपक्रम आहे. स्थानिक प्राधिकरणाच्या तारा इतरांना खुल्या करण्याची सक्ती कायद्यात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे दादरच्या ग्राहकाला वांद्र्याच्या ग्राहकासारखा बदल करता येत नाही. आणि स्वस्ताईचेही कायमचे काही नसते. २०२४ मध्ये टाटा पॉवरच्या दरात मोठी वाढ झाली आणि पूर्वी तिकडे गेलेल्या ग्राहकांनी पुन्हा हिशेब मांडायला घेतला.

पुरवठादार बदलण्याचा मुक्त प्रयोग ज्या देशाने मोठ्या धडाक्याने केला, त्या ब्रिटनकडेही पाहावे. तेथे १९९९ पर्यंत प्रत्येक घराला वीज-पुरवठादार निवडण्याचा अधिकार मिळाला. तारा एकाच प्रादेशिक कंपनीच्या आणि विक्रेते अनेक, अशी रचना होती. काही वर्षे चतुर ग्राहकाचा लाभही झाला. लंडनमधल्या मराठी घरांतही दरवर्षी कंपनी बदलण्याची सवय लागली. पण स्वतःचे वीजकेंद्र नसलेले, बाजारातून घेऊन विकणारे भांडवलहीन विक्रेते वाढले. २०२१ मध्ये वायूचे घाऊक भाव भडकताच सुमारे तीस विक्रेते बुडाले. त्यांतील बल्ब या एकाच कंपनीचे पंधरा लाखांहून अधिक ग्राहक होते. त्या ग्राहकांना अंधारात ठेवले गेले नाही, हे तेथील व्यवस्थेचे श्रेय. मात्र बुडालेल्यांचा खर्च सर्व ग्राहकांवर वाटला गेला, आणि तोही स्थिर आकारातून. तारांच्या खर्चाची नवी वाटणीही त्याच सुमारास आली आणि एप्रिल २०२२ मध्ये विजेचा सरासरी स्थिर आकार दिवसाला सुमारे २५ पेन्सवरून ४५ पेन्सवर गेला. ज्याने कधीच कंपनी बदलली नाही, त्या एकट्या वृद्धालाही तो भरावा लागला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

आता आपल्या देशाकडे. एकाच तारेवरून अनेक परवानाधारकांना वीज देता यावी, असे दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते स्थायी समितीकडे गेले आणि त्या लोकसभेबरोबर बारगळले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने नव्या दुरुस्तीचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला, आणि सामाईक तारांची कल्पना त्यातही आहे. दरम्यान समांतर परवान्यांच्या प्रश्नावर जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातील वीज कर्मचाऱ्यांनी संप पुकारला व शासनाशी झालेल्या चर्चेनंतर तो त्याच दिवशी मागे घेतला.

स्पर्धेला विरोध करण्याचे कारण नाही. मक्तेदारी सरकारी असो वा खासगी, ती ग्राहकाला दाराशी ताटकळत ठेवते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. एकच तार सर्वांनी वापरावी, ही कल्पनाही दुहेरी खोदकामापेक्षा कितीतरी बरी. परंतु स्पर्धा विजेची होते, तारेची होत नाही. कंपनी बदलली तरी वहन आकार आणि स्थिर आकार सावलीसारखे मागे येतात. म्हणून नव्या व्यवस्थेत युनिटचा दर किती उतरला एवढेच विचारून भागणार नाही. स्थिर आकार कोण ठरवणार, नव्या विक्रेत्याला गडचिरोलीच्या पाड्यावरचा ग्राहक घेणे बंधनकारक राहणार का, आणि तो विक्रेता बुडाला तर त्याचे देणे कोणाच्या बिलात चढणार, याचा खुलासा कायद्यातच हवा. छतावरच्या सौरऊर्जेलाही हाच नियम लागू आहे. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि ज्यांना छप्पर आहे त्यांनी तो अवश्य बसवावा. पण रात्रीसाठी तार लागतेच. ज्यांना स्वतःचे छप्परच नाही, अशा चाळकऱ्यांवर त्या तारेचा वाढता वाटा पडू नये, हे कोणी तरी पाहावे लागेल.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. घरोघरी आजच करण्याजोग्या गोष्टीही आहेत. मुले परदेशी गेलेली, बंगल्यात दोघेच उरलेली आणि जोडणी मात्र जुनी थ्री फेज, असे अनेक ठिकाणी आढळते. थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून अधिक असतो, तेव्हा गरज नसल्यास जोडणी बदलून घेण्याचा अर्ज करावा. प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षे उलटलेली रक्कम कंपनीने अचानक मागितली आणि ती दरम्यानच्या बिलांत सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर कलम ५६ खाली ती वसूल करता येत नाही. त्याच कलमाप्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याखेरीज थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. तक्रार कंपनीने ऐकली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे.

याहून महत्त्वाची आहे ती दरनिश्चितीची जाहीर सुनावणी. कंपनीची याचिका आली की तिचा गोषवारा वृत्तपत्रांत छापला जातो, हरकती मागवल्या जातात आणि कोणाही ग्राहकाला आयोगापुढे उभे राहून बोलता येते. पुण्याची ‘प्रयास’ आणि मुंबई ग्राहक पंचायत या संस्था तेथे वर्षानुवर्षे अभ्यासपूर्वक बाजू मांडत आल्या आहेत. कारखानदारांच्या संघटनाही वकील आणि आकडे घेऊन हजर असतात. घरगुती ग्राहक मात्र अभावानेच दिसतो. पुढची सुनावणी जाहीर होईल तेव्हा एका वसाहतीतील पाच-दहा कुटुंबांनी वर्षभराची बिले एकत्र करावी, ३० युनिटवाल्याला आणि ३०० युनिटवाल्याला युनिटमागे काय पडते याचा तक्ता मांडावा आणि मराठीत लिहिलेली हरकत मुदतीच्या आत आयोगाच्या कार्यालयात पोहोचवावी.