अळिंबीची पिशवी का रेंगाळते?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



घरी अळिंबी कशी लावावी, हे शिकवणाऱ्या पुस्तिका आणि वर्ग आता पुष्कळ आहेत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीवरचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचं केंद्र आहे, त्याच्या कामातून महाराष्ट्रात अनेकांच्या हाती ही विद्या आली. पेंढा आणि अळिंबीचं बियाणं, म्हणजे स्पॉन, भरून लावलेली पिशवी नुसतीच बसून राहिली तर काय करायचं, याबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. माणूस आठवडा-दोन आठवडे वाट पाहतो, मग पाणी वाढवतो, पिशवी कोपऱ्यातून गॅलरीत आणि गॅलरीतून पलंगाखाली नेतो, आणि शेवटी ती कुंडीत रिकामी करतो. त्यातल्या कितीतरी पिशव्या जिवंत असतात. म्हणून आज फक्त रेंगाळलेल्या पिशवीबद्दल बोलणार आहे, आणि तेही धिंगरीच्या, म्हणजे ऑयस्टर मशरूमच्या. घरी मिळणारी बहुतेक किटं धिंगरीचीच असतात. बटण अळिंबीला तयार कंपोस्ट, वर मातीचा थर आणि 14 ते 18 अंशांची थंडी लागते. ती घराघरात पिकवायची गोष्ट नाही.

मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा: कोकणात, गोव्यात पहिल्या पावसानंतर वारुळावर अळंबी रातोरात उगवते, मग आमच्या पिशवीलाच इतका वेळ का? वारुळावरची ती जात वाळवीच्या सोबतीनं जगते, घरी पिकत नाही, हे तर आहेच. पण तीही रातोरात वाढलेली नसते. तिचे धागे वाळवीच्या घरात महिनोन् महिने पसरत असतात, कळ्या आत तयार असतात. एका रात्रीत जे दिसतं ते मुख्यतः पाणी भरून फुगणं असतं. आपल्या पिशवीतही तसंच आहे. धाग्यांच्या पांढऱ्या जाळीनं पेंढ्याचा कण न् कण ताब्यात घेईपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही. त्यामुळे पहिला प्रश्न ‘किती दिवस झाले’ हा विचारूच नये. पिशवी कोणत्या अवस्थेत आहे, हा विचारावा. तिच्या दोन अवस्था आहेत, जाळी पसरण्याची आणि फळ धरण्याची, आणि दोन्हींच्या गरजा एकमेकींच्या अगदी उलट आहेत. बहुतेक उशीर एका अवस्थेतल्या पिशवीला दुसरीची सेवा दिल्यामुळे होतो.

या उलटेपणाचं कारण धिंगरीच्या मूळ घरात सापडतं. ही मेलेल्या लाकडावर जगणारी बुरशी. जर्मनीत फाल्क यांनी 1917 मध्ये ती झाडाच्या बुंध्यांवर वाढवली. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाकिया बानो आणि एच. सी. श्रीवास्तव यांनी 1962 मध्ये भाताच्या पेंढ्यावर धिंगरीची एक जात पिकवून दाखवली, आणि भारतातल्या घरगुती धिंगरीचा रस्ता मोकळा झाला. बुंधा असो वा पेंढा, धाग्यांचं आयुष्य आत जातं. तिथे अंधार असतो, हवा कोंडलेली असते, ओल टिकून असते. अळिंबी म्हणून आपण जे खातो तो त्या बुरशीचा फळासारखा भाग, आणि त्याचं काम आहे बीजाणू वाऱ्यावर सोडणं. लाकडाच्या आत ते शक्य नाही. म्हणून आपण बाहेर आलो आहोत, इथे मोकळी हवा आहे, उजेड आहे, असं धाग्यांना जाणवल्याशिवाय ते फळ धरत नाहीत. एवढं लक्षात ठेवलं की पिशवीच्या निम्म्या तक्रारींचं उत्तर स्वतःचं स्वतःला काढता येतं.

पहिल्या अवस्थेत, म्हणजे जाळी पसरत असताना, पिशवीला 24 ते 28 अंश तापमान, बंद तोंड आणि आपली अनुपस्थिती हवी असते. धिंगरीला या कामाला साधारण 15 ते 20 दिवस लागतात. नाशिक-पुण्याकडे डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा यात आठवडाभर सहज वाढतो. ती पिशवी आजारी नसते. फरशीवर ठेवली असेल तर उचलून कपाटावर ठेवा, घोंगडी टाका, एवढंच. जाळी एका जागी थांबली असेल आणि तिच्या पुढचा पेंढा काळपट, चिकट दिसत असेल, तर मात्र पाणी जास्त झालं आहे. भिजवलेला पेंढा मुठीत दाबला की बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. पिशवीच्या तळाशी पाणी साठलं असेल तर गरम केलेल्या सुईनं तळाला दोन-तीन छिद्रं पाडून ते निथळू द्यावं. तिथे हवा पोचली की जाळी पुन्हा चालू लागते.

स्पॉनचं वयही पाहावं. ज्या गव्हाच्या दाण्यांवर ही बुरशी वाढवलेली असते ते ताजे असतील तर पांढरेशुभ्र आणि मोकळे दिसतात. जुना स्पॉन गोळा होतो, त्याच्या कडेला पिवळसर पाणी सुटतं. तो मरत नाही, पण त्याची चाल मंदावते. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. पांढऱ्या आणि करड्या धिंगरीचा स्पॉन फ्रिजमध्ये टिकतो. गुलाबी धिंगरी उष्ण प्रदेशातली आहे. तिचा स्पॉन किंवा तयार किट फ्रिजमध्ये ठेवलं तर थंडीनं ते मरू शकतं. गुलाबी किट घरी आणून ‘रविवारी उघडू’ म्हणून फ्रिजमध्ये ठेवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण ते किट घरात आलं तेव्हा उत्तम असतं.

आता दुसरी अवस्था. पिशवी संपूर्ण पांढरी झाली, हाताला घट्ट लागते, मशरूमचा छान वास येतो, आणि तरी पिनहेड, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या, नाहीत. इथे लोक पाणी मारू लागतात. मी आधी हवा विचारतो. बुरशी आपल्यासारखीच श्वास घेते, प्राणवायू घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडते. बाहेरच्या हवेत तो दहा लाखांत सुमारे 420 भाग असतो. दारं-खिडक्या लावून माणसं झोपलेल्या खोलीत तो पहाटेपर्यंत हजाराच्या पुढे सहज जातो, आणि कपाटात किंवा खोक्यात कोंडलेल्या पिशवीभोवती आणखी जास्त. अशा हवेत धाग्यांना वाटतं, आपण अजून लाकडाच्या आतच आहोत. पिनहेड आले तरी देठ लांबत जातात आणि टोपी बटणाएवढी राहते. असा लांबुडका घोस दिसला की निदान झालंच: हवा कमी पडते आहे. पिशवी खोक्यातून बाहेर काढा, दिवसातून दोन-तीनदा खोलीची हवा बदला. उजेड वर्तमानपत्र वाचता येईल इतका पुरे, ऊन मात्र थेट नको. पिशवीच्या प्लास्टिकला भोकं किंवा काप चार-सहाच ठेवावेत. प्रशिक्षण केंद्रात प्लास्टिक पूर्ण काढून बेड टांगतात, कारण तिथे संपूर्ण खोलीच 80 ते 90 टक्के आर्द्रतेत ठेवलेली असते. फ्लॅटमध्ये, पंख्याखाली, तेच केलं तर दोन दिवसांत बेडवर कोरडी साल चढते आणि तिच्यातून पिनहेड फुटत नाहीत. घरी प्लास्टिक राहू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पिनहेड आले आणि पिवळे पडून सुकले, तर आर्द्रता मधेच तुटली किंवा पाण्याची धार थेट त्यांच्यावर बसली. फवारा भोवतीच्या हवेत, भिंतीवर, शेजारी टांगलेल्या गोणपाटावर मारायचा असतो. अळिंबीच्या अंगावर पाणी तासन्‌तास साचून राहिलं की जिवाणूंनी तपकिरी डाग पडतात.

सर्वांत जास्त गैरसमज दुसऱ्या बहराबद्दल आहे. पहिला बहर भरघोस येतो, माणूस खूश होतो, आणि मग पिशवी अडून बसते. दुकानदार म्हणतो, आठ-दहा दिवसांत येईल. तीन आठवडे होतात. इथे मी सर्वांना स्वयंपाकघरातला काटा काढायला लावतो. ताज्या अळिंबीत सुमारे 90 टक्के पाणी असतं. म्हणजे तुम्ही अर्धा किलो अळिंबी तोडली, तेव्हा पिशवीतून जवळजवळ साडेचारशे ग्रॅम पाणी उचलून नेलं. एक किलो कोरड्या पेंढ्याच्या पिशवीत सुरुवातीला पाणी असतं दोन किलोंच्या आसपास. बाष्पीभवनानं गेलेलं त्यात धरा. हा तोटा वरून शिंपडलेल्या पाण्यानं भरून निघत नाही. ते पृष्ठभाग ओला करतं आणि उडून जातं. पहिली तोडणी झाली की उरलेले देठ स्वच्छ काढा, ते कुजतात आणि चिलटं बोलावतात. मग पिशवी गार पाण्यात वजनाखाली काही तास बुडवा, पूर्ण निथळू द्या आणि दोन-चार दिवस तिला शांत राहू द्या. आरंभीचं वजन पिशवीवर लिहून ठेवलं असेल तर किती पाणी परत गेलं हे काट्यावर दिसतं. तिसऱ्या बहरानंतर अन्नच संपत आलेलं असतं. तिथे भिजवण्याचा हट्ट नको. तो पेंढा गांडूळखताला फार चांगला.

आणि आता आपण ज्या महिन्यात बसलो आहोत त्याबद्दल. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, विदर्भात त्याच्याही बराच वर जातो. वाढणारी जाळी स्वतःही उष्णता सोडते, त्यामुळे पिशवीच्या गाभ्यात खोलीपेक्षा दोन-चार अंश अधिक असतात. पस्तिशीच्या पुढे धिंगरीची जाळी जवळपास थांबते, चाळिशीत मरायला लागते. पिशवीत मधोमध हात घालून पाहता येत नाही, पण बाहेरून तळहात लावून उबदार लागली तर ती संकटात आहे. माठ ठेवता त्याच कोपऱ्यात, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला ठेवा. कूलरच्या खोलीत ठेवली तर झोताच्या बाहेर. भाजीसाठी विटांच्या दोन भिंतींमध्ये ओली वाळू भरून केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष ज्यांच्याकडे आहे, त्यांनी तो वापरून पाहावा. हवा मात्र फिरती ठेवावी लागेल. नवी पिशवी लावायची असेल तर मी मे महिन्यात कोणालाही लावायला सांगत नाही. अगदीच हौस असेल तर गुलाबी लावा, ती उष्णता इतरांपेक्षा बरी सोसते. बाकीच्यांनी जूनअखेरपर्यंत थांबावं. हवा ओली झाली की अर्धी कामं पाऊसच करतो.

हिरव्या बुरशीबद्दल थोडंसं. ट्रायकोडर्माचा हिरवा ठिपका एखाद्याच कोपऱ्यात असेल तर पिशवी वेगळी ठेवून पाहा. बरेचदा धिंगरी त्याला कोपऱ्यातच रोखून धरते. अर्धी पिशवी हिरवी झाली तर ती घरात उघडू नका, बंदच बाहेर न्या. पेंढा 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला होता की नुसतं उकळतं पाणी ओतलं होतं, हे पुढच्या वेळी तपासा. आणि टोप्यांच्या कडा सपाट होऊन वर वळण्याआधीच तोडणी करा. उशीर केला तर बीजाणूंची पांढरी भुकटी घरभर बसते, आणि दम्याच्या माणसाला तिचा त्रास होतो.

आयोजकांनी सांगितल्यावरून काही जणांनी आपापल्या पिशव्या आणल्या आहेत असं कळलं. त्या डावीकडच्या टेबलावर ठेवाव्यात, शेजारी काटा आहे. प्रत्येकानं आधी वजन करावं, लावल्याची तारीख, जात आणि पिशवी घरात कुठे ठेवली होती एवढं चिठ्ठीवर लिहावं. मग आपण एकेक पिशवी पाहू.