कष्ट मालेगावचे, नफा कुणाचा?
(युवक शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मालेगाव म्हटले की बातम्यांना दंगल आणि बॉम्बस्फोट आठवतात. मला आज त्या शहराच्या कमाईबद्दल बोलायचे आहे.

१८५७ नंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग लावले. पुढे विसाव्या शतकात यंत्रमाग आले. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या घरात होती आणि त्यातले बहुसंख्य लोक मुस्लिम. पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब आहे, यंत्रे आहेत, बाजारपेठही आहे. मग गरिबी का? "आपले लोक शिकत नाहीत म्हणून," असे सोपे उत्तर आपणही देतो. ते पुरेसे नाही.

कापडाचा प्रवास पाहा. सूत बाहेरून येते. अनेक कारखानदार व्यापाऱ्याचे सूत घेऊन नुसत्या मजुरीवर विणतात. कोरे कापड रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पाली, बालोतऱ्याला जाते. त्याची किंमत वाढते ती तिथे. मालेगावच्या वाट्याला विणाईचा तुकडा उरतो, आणि त्यातही सगळ्यात लहान तुकडा कारागिराचा. बारा-बारा तासांची पाळी, जेवढे कापड तेवढी मजुरी. वीज गेली किंवा मंदी आली, की मजुरी बंद. मग मालकाकडून उचल घ्यायची आणि त्या उचलीत अडकून राहायचे. घरी बसून कांडी भरणाऱ्या बाईचे नाव तर कोणत्याच वहीत नसते.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने हेच देशपातळीवर दाखवले: मुस्लिमांत स्वयंरोजगार जास्त, पण बँक कर्जातला वाटा लोकसंख्येच्या मानाने कमी. सरकारला जाब विचारलाच पाहिजे. पण थोडे आपल्या घरातही पाहू. मालक आणि मजूर शुक्रवारी एकाच सफेत उभे राहतात. शनिवारी मजुराच्या हातात मजुरीची साधी चिठ्ठीही नसते. रमजानमध्ये जकात मिळते, तिने महिनाभर चूल पेटते. मजुरीचा दर मात्र तोच राहतो. खैरात आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इचलकरंजीही यंत्रमागाचेच गाव. अडचणी तिथेही आहेत, पण तिथल्या लोकांनी सहकारी सूतगिरण्या उभ्या केल्या, म्हणजे साखळीतली आणखी एक कडी आपल्या हातात घेतली. मालेगाव, भिवंडीत हे का होऊ नये?

तुमच्याकडून मला तीन कामे हवी आहेत. आपल्या मोहल्ल्यातल्या कारागिरांची आणि कांडी भरणाऱ्या बायांची ई-श्रम नोंदणी करून द्या. मजुरी लेखी मिळावी असा आग्रह धरा, मालक आपला मामू-चाचा असला तरी. आणि बहिणींना हिशेब, कापड तंत्रज्ञान, कायदा शिकू द्या. सहकारी संस्था चालवायला उद्या हीच माणसे लागणार आहेत.

संविधानाने संघटना करण्याचा अधिकार दिला आहे. तो वापरू या.

जय संविधान!