डोक्यातलं घड्याळ आणि पाळीचं घड्याळ
(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



पाळीचा शेवटचा तास संपता संपत नाही, हे आम्हा साचे चालवणाऱ्यांना कुणी शिकवायला नको. पण असं का होतं? १९६३ साली ट्राइसमन या शास्त्रज्ञाने मांडले, की मेंदूत ठोके पडतात व मेंदूच ते मोजतो. पुढच्यांनी त्यात भर घातली : लक्ष वेळेकडे असेल तर ठोके जास्त मोजले जातात, वेळ लांबते. २०१९ साली इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकाला चित्रफिती दाखवल्या. आत घड्याळ ठेवलंच नव्हतं! दृश्य किती बदललं एवढंच त्याने मोजलं. तरी माणसासारखाच त्यालाही गजबजलेला रस्ता लांब वाटला, ऑफिस आखूड. अनित्यता ऐकलेल्यांना यात नवल नाही.

म्हणजे मनाचं माप लक्षाप्रमाणे, बदलाप्रमाणे हलतं. मजुरी त्यावर सोडून कसं चालेल? बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच १९४६ साली कारखाना कायदा दुरुस्त झाला, आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. आणि आपली शिरवण्यातली पोरं ओव्हरटाइमला थांबतात नि म्हणतात, "झाला असेल अर्धा तास!" बाबांनो, खिशात वही ठेवा. आत गेल्याची, बाहेर पडल्याची वेळ रोज लिहा. पगाराच्या दिवशी ती वही घेऊन विहारात या, आम्ही हिशेबाला बसतो.

जयभीम!