अलेक्झांड्रियाचा कोंडवाडा

मोकाट गुरें धरून ज्या आवारांत अडकवून ठेवतात, त्यास मराठींत कोंडवाडा म्हणतात. अमेरिकेंतील व्यापारी विकावयाचीं माणसें ज्या घरांत ठेवीत, त्या घरांसही तेथील लोक असेंच गुरांच्या वाड्याचें नांव देत. श्रोतेहो, अशा एका कोंडवाड्याचीं छायाचित्रें वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें जतन केलेलीं आहेत.

हें घर पोटोमॅक नदीच्या कांठीं अलेक्झांड्रिया शहरांत उभें आहे. तें २०२० सालीं शहरानें विकत घेतलें व आतां तेथें संग्रहालय आहे. घर विटांचें, तिमजली. समोरून पाहतां एखाद्या सुखवस्तु गृहस्थाचें वाटावें. परदेशांतून गुलाम आणण्यास अमेरिकेंत १८०८ मध्यें बंदी झाली, पण देशांतल्या देशांत माणसांची खरेदी-विक्री चालूच राहिली. दक्षिणेंत कापसाचे मळे वाढले तशी ती फोफावली. १८२८ सालीं आयझॅक फ्रँकलिन व जॉन आर्मफील्ड या जोडीनें हें घर घेतलें. आर्मफील्डनें येथें माणसें विकत घ्यावीं आणि फ्रँकलिननें तीं नॅचेझ व न्यू ऑर्लीन्स येथें विकावीं, अशी कामाची वांटणी होती. बारा ते पंचवीस वर्षांचीं माणसें हवीं, रोख पैसे मिळतील, अशा जाहिराती ते वर्तमानपत्रांत देत. बारा वर्षांच्या मुलाची आई या वयांत बहुधा बसत नसे, हें जाहिरात वाचणाऱ्यांच्या ध्यानांत आलेंच असेल! घरामागें उंच भिंतींचीं दोन अंगणें होतीं. एक पुरुषांसाठीं, दुसरें बायकांसाठीं. पाठवणीची वेळ येईपर्यंत माणसें तेथें राहत.

गुलामगिरीच्या विरोधकांनीं १८३६ सालीं छापलेल्या एका पत्रकांत या घराचें चित्र आहे. छायाचित्रें मात्र यादवी युद्धांतलीं. २४ मे १८६१ रोजीं उत्तरेचें सैन्य शहरांत शिरलें. घर सैन्यानें ताब्यांत घेऊन त्याचा तुरुंग केला, आणि मग छायाचित्रकार आले. दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांतील पाटी तशीच होती: 'प्राइस, बर्च आणि कंपनी, गुलामांचे व्यापारी'. धान्याच्या वखारीवर असावी तशी! एका चित्रांत दारापुढें सैनिक उभे आहेत. दुसऱ्यांत आंतल्या कोठड्यांचीं दारें दिसतात. ज्यांच्यासाठीं तीं दारें केलीं, त्यांपैकीं कोणीही दिसत नाहीं. धंदा बुडाल्यावरच हीं चित्रें निघालीं.

तीं माणसें पाहावयाचीं तर पुस्तकाकडे वळावें लागतें. पाटीवरील या बर्चनेंच १८४१ मध्यें सॉलोमन नॉर्थप नांवाच्या, न्यूयॉर्क राज्यांतील एका स्वतंत्र माणसास वॉशिंग्टन येथें अशाच एका घरांत डांबून पुढें दक्षिणेंत विकावयास पाठविलें होतें. तेथून अमेरिकेच्या लोकसभेची इमारत दिसे. बारा वर्षांनीं सुटका झाल्यावर नॉर्थपनें आपली हकीकत १८५३ सालीं प्रसिद्ध केली. त्या कोंडवाड्यांत रँडल नांवाचा सुमारें दहा वर्षांचा मुलगा होता. तो आईसाठीं सारखा रडे. पुढें त्याची आई, एलायझा, खरोखरच तेथें आली. मुक्ततेचे कागद देतों असें सांगून तिला शहरांत आणलें होतें. मिळाला तो कोंडवाडा, आणि तेथेंच तिचा मुलगा. मायलेकरें कांहीं काळ एकत्र राहिलीं. न्यू ऑर्लीन्सच्या बाजारांत रँडल प्रथम विकला गेला.